दहा दिवसांनी आमचे चेहरे पाहा : श्रद्धेवर आधारलेले आहार-उपचार चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो,

प्रभूच्या नावात सलाम.

बायबलमधलं उत्पत्ती 1:29 हे वचन पुढे ठेवून तुम्ही लोकांना जेवायला शिकवता. बीज देणारी प्रत्येक वनस्पती आणि सबीज फळ देणारं प्रत्येक झाड देवाने माणसाला अन्न म्हणून दिलं, असं ते वचन सांगतं. त्यावरून कच्च्या भाज्या, फळं, रस, हिरव्या भुकट्या, उपास आणि प्रार्थना यांची एक पद्धत तुम्ही बसवलीत आणि ती आजार बरे करते असं सांगता. माझी आई तीन वर्षं ही पद्धत पाळत होती. कोणाच्या कार्यक्रमात, ते लिहीत नाही. तिच्यासारख्या इतरांशी बोलल्यावर लक्षात आलं, की नावं वेगळी, पुस्तिका वेगळ्या, पण सांगणं एकच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

आधी जे चांगलं झालं ते सांगते, कारण ते खरं आहे. पहिल्या वर्षात आईचं वजन अकरा किलोंनी उतरलं. रक्तातली साखर इतकी सुधारली की डॉक्टरांनी स्वतःहून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी निम्मी केली. बाबा गेल्यापासून एकटी जेवायला बसणारी माझी आई पुन्हा माणसांत आली. पहाटे तिच्या खोलीतून आधी प्रार्थनेचा आवाज यायचा, मग गाजराचा रस काढणाऱ्या यंत्राचा. तो आवाज ऐकून मला बरं वाटायचं. हे तुमच्यामुळे झालं आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

पुढे तिचे तळहात पिवळसर नारिंगी झाले. ती घाबरली, तर गटातल्या प्रमुख बाईंनी सांगितलं, "सिस्टर, हे तर चांगलं लक्षण आहे. विष बाहेर पडतंय." विष वगैरे काही नव्हतं. गाजरातलं कॅरोटीन जास्त झालं की ते कातडीत साठतं. त्याने अपाय होत नाही, रस कमी केला की रंग उतरतो. तेव्हा मीही ते सोडून दिलं. पण त्या एका वाक्याने आईला एक सवय लागली. शरीरात काहीही वेगळं झालं की ते चांगलं लक्षण समजायचं.

तिसऱ्या वर्षी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग तळवे बधिर झाले, चप्पल पायातून निसटली तरी कळेना. हे तिने आठ महिने कोणाला सांगितलं नाही. माझ्या लक्षात आलं ते प्रार्थनेच्या वेळी. मंडळीत सगळे उभे राहिले आणि डोळे मिटले, की आई पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरायची. डोळे उघडे असले की ती नीट उभी राहायची, मिटले की तोल जायचा. एकदा तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि ती न्हाणीघरात पडली. मनगट मोडलं. त्या मनगटामुळे ती शेवटी डॉक्टरांसमोर बसली.

डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून तिच्या घोट्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, थरथर जाणवते का? आई म्हणाली, "कसली थरथर?" रक्तातलं व्हिटॅमिन बी-12 तपासलं. दोनशेच्या खाली असलं तर कमतरता समजतात. तिचं 118 होतं. गंमत म्हणून नाही, कळावं म्हणून सांगते, की तिचं हिमोग्लोबिन जवळजवळ ठीक होतं. हिरव्या पालेभाज्यांत फोलेट हे दुसरं एक व्हिटॅमिन भरपूर असतं. ते रक्तातला दोष झाकून ठेवतं आणि आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. त्यात नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू होतं, आणि ते औषध दीर्घकाळ घेतल्यावर बी-12 कमी होऊ शकतं. म्हणजे तुमच्या वर्गात आली तेव्हाच तिची शिल्लक कमी असणार. कोणी विचारलं नाही. बी-12 जिवाणू तयार करतात. प्राण्यांच्या अन्नातून ते आपल्याला मिळतं, वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षी माणूस उत्साहाने साक्ष देतो आणि त्यानंतर कधीतरी अडखळू लागतो. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं फक्त 2.4 मायक्रोग्रॅम. एक छोटी गोळी पुरली असती.

इंजेक्शनं झाली, आई पुष्कळ सुधारली. तळव्यांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही.

पण मी हे पत्र बी-12 साठी लिहीत नाही. इंजेक्शन देऊन आणलं त्या रात्री आई म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला गं." तुमच्या आठवड्याच्या तक्त्यात एक रकाना होता : या आठवड्यात आहार कुठे मोडला? तिने तो रकाना तीन वर्षं प्रामाणिकपणे भरला होता. एका लग्नातला केकचा तुकडा तिने लिहिला होता, आणि पायांच्या मुंग्या त्या तुकड्याची शिक्षा आहेत असं ती आठ महिने धरून बसली होती. म्हणून ती बोलली नाही. आजाराची नाही, पापाची लाज वाटत होती तिला.

माझी तक्रार इथे आहे. आहार देवाची आज्ञा म्हणून दिला, की तो चुकू शकत नाही. मग बरं वाटलं तर श्रेय पद्धतीचं. बरं नाही वाटलं तर काहीतरी मोडलं असणार, नाहीतर मनात शंका असणार. त्रास वाढला तर शुद्धी चालू आहे. या तीन उत्तरांत जगातला प्रत्येक अनुभव बसतो, आणि दोष प्रत्येक वेळी अंथरुणावरच्या माणसाच्या पदरात पडतो. साधा डॉक्टर निदान इतकं तरी म्हणतो, की हे औषध तुम्हाला लागू पडलं नाही, दुसरं देतो.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? दोघांनीही नाही, असं प्रभूने सांगितलं. योहानाच्या नवव्या अध्यायात ते आहे. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, असं त्याने स्वतः तीमथ्याला लिहिलं. ज्याच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले त्या प्रेषिताचा सोबती आजारी राहिला, आणि त्रफिमाचा विश्वास कमी होता असा एक शब्दही पौल लिहीत नाही.

तुमच्या पुस्तिकांत दानीएल असतोच, बाबेलच्या राजाच्या दरबारात नेलेला बायबलमधला यहूदी तरुण. शाकान्न आणि पाणी, दहा दिवस. ती गोष्ट मी या निमित्ताने पुन्हा नीट वाचली, आणि तुम्हीही वाचावी अशी विनंती आहे. एक तर दानीएल आणि त्याचे तिघे मित्र आजारी नव्हते. अंगात काही व्यंग नाही अशीच मुलं राजाने निवडून घेतली होती. शाकान्नाने त्यांचा कोणताही आजार बरा झाला नाही. राजाच्या ताटातलं खाऊन विटाळायचं नाही, एवढाच त्यांचा निश्चय होता. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. दानीएलाने त्यांच्यावर नेमलेल्या कारभाऱ्याला काय सांगितलं? दहा दिवस पारख करून पाहा. मग आमचे चेहरे आणि राजाचं अन्न खाणाऱ्या मुलांचे चेहरे शेजारी ठेवून पाहा, आणि तुला जे दिसेल त्याप्रमाणे आमच्याशी वाग. मुदत ठरलेली, तुलनेला दुसरा गट, आणि निवाडा करणारा माणूस दानीएलाच्या बाजूचा नाही. निकाल उलटा लागला तर मान्य करायची तयारीही त्यात आली. औषधांच्या चाचण्या आज ज्या रीतीने होतात तिचं हाडच आहे हे. दानीएलाला देवावर भरवसा होता म्हणूनच त्याला पारखीची भीती वाटली नाही.

तुमच्या कार्यक्रमात कारभारी कोण आहे? कोण येऊन चेहरे पाहतं?

असं करता येतं याचं उदाहरण तुमच्यातच आहे. अमेरिकेत पाळक जॉर्ज मॅल्कमस यांनी उत्पत्तीच्या याच वचनावर हालेलूया आहार उभा केला. त्या आहाराबद्दल माझे पुष्कळ आक्षेप आहेत, ते असोत. पण त्यांच्या संस्थेतल्या संशोधकाने हा आहार पाळणाऱ्या 49 जणांचं रक्त आणि लघवी तपासली आणि 2000 साली निष्कर्ष नियतकालिकात छापले. जवळजवळ निम्म्या लोकांत बी-12 अपुरं असल्याची खूण सापडली. ती त्यांनी लपवली नाही. कशाने भर पडते तेही त्यांनी पाहिलं आणि गोळी उपयोगी पडते हे लिहिलं. वचन तेच राहिलं, विश्वास तोच राहिला, आणि लोकांचे मज्जातंतू वाचायची सोय झाली. ही माहिती छापून इतकी वर्षं झाली. माझ्या आईच्या पुस्तिकेत तिची एक ओळही नव्हती.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचंही तसंच. त्यांच्या एक संस्थापक एलन व्हाइट यांनी 1863 पासून आरोग्य आणि शाकाहार हा श्रद्धेचा भाग म्हणून शिकवला. त्यांच्या 73,308 माणसांवरचा अभ्यास 2013 मध्ये आला. जवळपास सहा वर्षांच्या काळात शाकाहारी गटांतलं मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा 12 टक्क्यांनी कमी होतं. हा आकडा तुम्ही आनंदाने सांगा, मीही सांगते. सोबत हेही सांगा, की त्यातले बरेच जण दूध-अंडी खातात, धूम्रपान बहुतेक कोणी करत नाही, आणि आठवड्याचा एक दिवस ते खरोखर विश्रांती घेतात. आणि याच मंडळींच्या लोमा लिंडा इथल्या रुग्णालयात 1990 साली कर्करोगासाठी प्रोटॉन किरणोपचार सुरू झाले. एका हातात भाजीची टोपली, दुसऱ्या हातात किरणोपचाराचं यंत्र. त्यांना यात विसंगती वाटली नाही.

हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही यशयाने अंजिरांचं पोटीस आणून गळवावर बांधायला लावलं. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. दुखणाइतांना वैद्याची गरज असते हे तर प्रभूचेच शब्द. मग गोळी घेणं म्हणजे संशय घेणं, हे आलं कुठून?

आहाराने काय होऊ शकतं हे मी कमी लेखत नाही. 2017 साली डायरेक्ट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. टाइप 2 मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेले लोक काही महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींवर राहिले. वर्षाअखेर त्यांच्यातल्या 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय हटलेला होता. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात तो आकडा 4 टक्के होता. त्यांची मधुमेहाची औषधं तर पहिल्याच दिवशी थांबवली होती. पण ती डॉक्टरांनी थांबवली, ठरलेल्या रीतीने, आणि साखर-रक्तदाब बघायला परिचारिका होत्या. इन्सुलिनवर असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. तुमच्या सभेत "या आठवड्यात कोणी गोळी सोडली?" असं विचारून हात वर करायला लावतात आणि टाळ्या वाजतात. त्या टाळ्यांमध्ये आणि त्या चाचणीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि टाइप 1, म्हणजे ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. या मधुमेहावर आहार हाच एकमेव उपाय होता असा काळ होऊन गेला आहे. इन्सुलिनच्या आधी डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवायचे, आणि हाडांचा सापळा होऊन ती मुलं काही महिने, फार तर काही वर्षं काढायची. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं आणि तो काळ संपला. टाइप 1 असलेल्या कोणालाही तुमच्या व्यासपीठावरून इन्सुलिन कमी करण्याचा सल्ला मिळाला, तर तो त्याला 1922 च्या मागे ढकलणं आहे. आपण याला प्रार्थना म्हणायचं नाही.

कर्करोगाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण इथे शब्द कमी आणि आकडा पुरेसा आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये 281 रुग्णांचा अभ्यास छापला. आजार दूरवर पसरलेला नसताना त्यांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून अधिक. म्हणजे ज्या अवस्थेत बरं होण्याची आशा सर्वांत जास्त, तिथेच सर्वांत मोठा तोटा. कोणी बाई गाठ घेऊन तुमच्याकडे आली तर तिला रस द्या, तिच्यासाठी रात्रभर प्रार्थना करा, आणि सकाळी तिचा हात धरून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत सोबत चाला.

मागणं काय आहे ते आता स्पष्ट लिहिते. पहिल्या पानावर, वचनाच्या खालोखाल, मोठ्या अक्षरांत असू द्या की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही औषध बंद किंवा कमी करू नये, आणि घेतल्याने विश्वासाला उणेपणा येत नाही. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच गरजेचं आहे. ते तुमच्या तोंडून आलं तरच माझ्या आईसारखी माणसं ऐकतील. बी-12 ची गोळी आहाराचाच भाग करा. मूत्रपिंडं कमजोर असलेल्या माणसाला रसांचे पेले देऊ नका, रसांमधलं पोटॅशियम त्याच्या हृदयाची लय बिघडवू शकतं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याने अचानक हिरव्या पाल्याचा रस सुरू केला तर व्हिटॅमिन के मुळे त्या औषधाचा परिणाम कमी होतो आणि रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढीची मुलं, खाण्याशी आधीच झगडणाऱ्या मुली, यांना उपासाच्या आठवड्यात घेऊ नका. कॉफीचे एनिमा कोणी देत असेल तर ते आजच बंद करा. त्याने क्षार बिघडून माणसं दगावल्याची नोंद 1980 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे.

तक्त्यातला तो रकाना काढा. त्याच्या जागी विचारा : या आठवड्यात शरीरात नवीन काय जाणवलं? आणि उत्तर वाचायला असा माणूस ठेवा जो तुमच्या भुकट्या विकत नाही.

आणखी एक, आणि हे सगळ्यांत अवघड आहे हे मला माहीत आहे. सोडून गेलेल्यांची वही ठेवा. किती आले, किती राहिले, किती मध्येच गेले, त्यांचं पुढे काय झालं. सभेत साक्षी होतात त्या राहिलेल्यांच्या. ज्यांना गुण आला नाही ती माणसं शेवटच्या रांगेत जातात, मग येईनाशी होतात, आणि जे गेले ते तर साक्ष द्यायला येतच नाहीत. तुमच्या मागे उभे असलेले चेहरे सगळे तेजस्वी दिसतात ते यामुळे. दानीएलाने कारभाऱ्याला फक्त आपल्या चौघांचे चेहरे दाखवले नव्हते.

आई अजून पहाटे उठते. प्रार्थना होते, यंत्राचा आवाज येतो, गाजराचा एक पेला होतो, आणि त्याच पेल्यातल्या शेवटच्या घोटाबरोबर ती बी-12 ची गोळी घेते. मंडळीत ती आता डोळे उघडे ठेवून प्रार्थनेला उभी राहते, समोरच्या बाकाकडे बघत. मी तिला तुमच्याबद्दल वाईट बोलायला लावलं नाही, ती बोलणारही नाही. तिला एक साक्ष द्यायची आहे. अकरा किलो आणि कमी झालेली साखर तिच्यात आहे, ते आठ महिने आणि न्हाणीघरही आहे. तिने ती वहीत लिहून काढली आहे आणि मला दोनदा वाचून दाखवली. साधारण दहा मिनिटं लागतात. तुमच्या पुढच्या सभेत तिला वेळ द्याल का, एवढं कळवा.

प्रभूमध्ये तुमची,
एक बहीण